मय्यतीचं पाणी

"बाजी, पाणी तुमच्याच ड्रमातलं घ्याचं ना?" शाहेदानं दारातून विचारलं, आणि बोरीचा पाला ओरबाडता ओरबाडता माझा हात थांबला. अंगठ्यात काटा गेला होता. तो काढायचं सोडून मी त्याच्याकडे बघत राहिले, जसं काही तिनं काट्यालाच विचारलं होतं. खरं तर विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात बाईमाणूस गेलं की तिला शेवटची आंघोळ, म्हणजे घुसल, मी घालते आणि पाणी माझ्या बोळातल्या निळ्या ड्रमातलं घेतात. तेरा वर्षं हेच चाललंय. रिसोडात आमच्या गल्लीला नळ दहाव्या नाहीतर अकराव्या दिवशी येतो, आणि माणूस काही नळाचा दिवस बघून जात नाही, म्हणून तो ड्रम. घुसलाच्या दिवशी विचारतात ते मय्यत निजवायचा तख्ता कोण आणणार, आडोशाला चादरी किती लागतील, असलं. पाण्याचं कुणी विचारत नाही. शाहेदानं विचारलं. तिची सतरा वर्षांची मिस्बा सकाळी सातच्या सुमारास अकोल्याच्या दवाखान्यातून परत आली होती आणि पलीकडे त्यांच्या आतल्या खोलीत सतरंजीवर निजवलेली होती, तोंडावर तिचीच पोपटी ओढणी. डेंग्यूनं गेली. आठ दिवसांत गेली. दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर जनाजा उचलायचा ठरला होता, म्हणजे माझ्या हातात तीन तास होते. त्या ड्रमात काय वळवळत होतं ते मला माहीत होतं, ते तिथं का राहिलं तेही माहीत होतं, आणि माझ्याशिवाय ज्या दुसरीला माहीत होतं ती ओढणीखाली होती. असं मी धरून चालले होते. "हो," मी म्हटलं, "तेच." शाहेदा थोडी उभी राहिली. मग गेली.

पाला निवडायला मी पुन्हा बसले. पाण्यात बोरीचा पाला उकळायचा, हे मला सासूनं शिकवलं. खातूनबी तिचं नाव. अक्षर एक येत नव्हतं, पण चाळीस वर्षांत तिनं अर्धा मोहल्ला धुऊन पाठवला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा सातवी पास, तीही मराठी शाळेतून, आणि मला मेलेल्या माणसाची इतकी भीती की गल्लीत तिरडी दिसली तरी मी दार लावून घ्यायची. पहिल्यांदा तिनं मला सोबत नेलं तेव्हा माझ्या तांब्यातलं पाणी मेलेल्या बाईपेक्षा माझ्याच पायावर जास्त पडत होतं. तेव्हा ती काम न थांबवता, भाजी निवडताना बोलावं तशी बोलत राहिली. जमीन नव्हती, आस्मान नव्हतं, तेव्हाही पाणी होतं, आणि अल्लाहचं तख्त त्या पाण्यावर होतं. मग जे जे जिवंत, ते सगळं त्यानं पाण्यातून केलं. बैल केला, चिमणी केली, बाभूळ केली, तुला केलं. मातीचं नंतर, आधी पाणी. म्हणून पैदा झालेल्याला पहिलं पाणी आणि गेलेल्याला शेवटचं. ज्याच्यातून आणलं त्याला एकदा दाखवून मग न्यायचं. मधलं सगळं आपलं खरकटं. हे ती असं सांगायची की जसं ते होताना ती तिथंच एका कडेला बसून होती. मला भीती वाटायची थांबली ती त्या बोलण्यानं. नंतर कधीतरी मी स्वतः वाचायला लागले, मिळेल ते, अर्थासकट, आणि सासूनं सांगितलेलं खरंच लिहिलेलं सापडलं तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी थोडा रागच आला. इतकी वर्षं वाटत होतं की ते तिचं स्वतःचं आहे.

आणि तिलाच पाणी मिळालं नाही. तेरा वर्षांपूर्वीचा मे महिना, नळाला अठरा दिवस झालेले, विहिरींच्या तळाला फक्त दगड. खातूनबी सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकली आणि तशीच गेली. टँकर येतो येतो म्हणून चार वाजेपर्यंत थांबलो. मग मशिदीतून निरोप आला की पाणी नसेल तर तयम्मुम चालतो, म्हणजे कोरड्या मातीवर हात मारून ते तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे, तेवढ्यानं मय्यत पाक होते. मी अंगणातल्या मातीवर हात मारले. तिच्या तोंडावरून फिरवले तेव्हा माती सुरकुत्यांत बसली. चाळीस वर्षं जिनं इतरांच्या सुरकुत्या धुतल्या तिच्या सुरकुत्यांत मी माती भरून पाठवली. नियमानं सगळं बरोबर होतं. फक्त माझ्या स्वयंपाकघरात दोन हंडे भरलेले होते, पोरासाठी, नवऱ्यासाठी, माझ्यासाठी, पिण्याचे, आणि मी ते बाहेर काढले नाहीत. कुणी मागितले नाहीत आणि मी सांगितलं नाही. खातूनबीला विचारलं असतं तर तिनंच सांगितलं असतं की आधी जित्यांचं बघ. पण तिला विचारता येत नव्हतं, आणि तिच्या तोंडावरची माती मला अजून बोटांना लागते, मी शिवणकाम करते, कापडावर खडू फिरवताना तर हमखास. तिचा चाळिसावा दिवस झाला आणि मी नवऱ्याकडून बाजारातून निळा ड्रम आणवला, दोनशे लिटरचा. माझ्या आणि शाहेदाच्या घरामधल्या बोळात ठेवला, सावलीला. नवरा नंतर गेला, पोरगा पुण्याला गेला, ड्रम राहिला. पिण्याला नाही, भांड्याला नाही, मय्यतीचं पाणी. अर्धी गल्ली घागरी घेऊन धावत असायची तेव्हाही त्याला हात लावायचा नाही, हे पोरांनासुद्धा ठाऊक. मला वाटायचं की हे मी सासूसाठी करते आहे. आता वाटतं की मी ते दोन हंडे रोज पुन्हा पुन्हा भरत होते.

पाला घेऊन मी बोळात गेले. ड्रमावर एक पत्र्याचा तुकडा असायचा, पण तो तिरका असायचा आणि वाऱ्यानं सरकायचा. मी त्यावरची वीट उचलली, पत्रा बाजूला केला. वरून पाणी अगदी स्वच्छ, तळाचा निळा रंग दिसेल इतकं. मग माझी सावली पडली तशा त्या सगळ्या अळ्या एकदम खाली गेल्या, डोकं खाली शेपूट वर, आणि सावली हलली तशा पुन्हा एकेक करून वर आल्या. मला मिस्बाचा आवाज ऐकू आला. तिची खिडकी या ड्रमाच्या थेट वर, जाळी नसलेली, एका हाताच्या अंतरावर. तिथं ती अभ्यासाला बसायची, बारावी सायन्सची पुस्तकं मांडीवर, आणि कंटाळा आला की हात खाली सोडून पाण्यात एक बोट बुडवायची. मला ती खाला म्हणायची, म्हणजे मावशी. "खाला, बघा तरी, ह्या श्वास घ्यायला वर येतात. शेपटीनं घेतात श्वास." मी मशीनवर होते, मला शेपटीनं श्वास घेण्यात काही गोडी नव्हती. मग तिनं खातूनबीचं पाण्याचं सगळं मला पुन्हा सांगायला लावलं, ते तख्त, ती बाभूळ, आणि खूश होऊन म्हणाली की आमच्या पुस्तकातही तेच आहे, जीव पहिल्यांदा पाण्यातच झाला. तिला वाटलं तिनं माझी आणि पुस्तकाची सोयरीक जुळवली. मी म्हटलं, मग झालं तर, ह्याही त्याच्याच, राहू दे दोन-चार. ती हसली. ते माझं वाक्य आता मला त्या पाण्यात दिसत होतं, वर येत होतं, खाली जात होतं.

दोन-चार नव्हत्या हे तिला कळत होतं. ती खेड्यातल्या पोरींसारखी गप्प बसणारी नव्हती. शाहेदा इंझोरीची, कास्तकारांच्या गावात मराठी शाळेत शिकलेली, अजून वऱ्हाडीच बोलते. आम्ही बाकीच्या घरात आमची हिंदी बोलतो आणि तिला चिडवतो की शाहेदा दुआसुद्धा वऱ्हाडीत मागते. मिस्बा दोन्ही बोलायची, आणि तिसरी ती कॉलेजातली, जिच्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ॲक्च्युअली" येतं. तर मिस्बा एका दुपारी माझा टेप घेऊन बोळात गेली आणि परत येऊन मशीनच्या फळीवर खडूनं लिहिलं, ड्रम, घेर ७२. जाड कापडाचं झाकण शिवा खाला, कडेला इलॅस्टिक घालून, म्हणजे डास आतही जाणार नाही आणि बाहेरही येणार नाही. मी हो म्हटलं. मनापासून हो म्हटलं. त्या वेळी माझ्याकडे अंगुरीबाईंचं काम होतं. बाजारपेठेत नथमलजींचं कापडाचं दुकान आहे, त्यांच्या आई अंगुरीबाई. जैन माणसं, त्यांच्याकडे पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, आणि गाळण्यात अडकलेलं मरू नये म्हणून ते विहिरीचं विहिरीत परत सोडतात. दरवर्षी त्यांना दुहेरी जाड कापडाची गाळणी मीच शिवून देते, चारही कडा दुमडून, टाका इतका बारीक की अंगुरीबाई भिंग लावून बघतात आणि तरी काहीतरी काढतात. यंदा दहा गाळणी. त्यातलं एक कापड ७२ च्या घेराला सहज पुरलं असतं. मी पाण्यातल्या जिवाला इजा होऊ नये म्हणून दहा शिवली, आणि पाण्यातल्या जिवापासून इजा होऊ नये म्हणून एक शिवायचं राहून गेलं. लग्नाचे ब्लाउज आले, मग कुणाचं फॉल-पिको. खडूची अक्षरं रोज समोर होती. रोज दिसणारी गोष्ट दिसेनाशी होते, तशी ती झाली.

मग ज्योत्स्ना आली. आमच्या गल्लीची आशाताई, सरकारी आरोग्याचं काम करणारी, माणिकराव मास्तरांची सून, उन्हात छत्री न घेता फिरणारी. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. तिनं माझा हौद पाहिला, कूलर पाहिला, माठाचं बूडसुद्धा पाहिलं. मग म्हणाली की मावशी, तो मागचा निळा ड्रम हाय ना, तो आठवड्याले रिकामा करत जा, गावभर अळ्या व्हून राह्यल्या. तिचा स्वभाव मला माहीत होता. बघितला असता तर तिनं बोलणंच केलं नसतं, सरळ खांदा लावून कलंडला असता. आणि नळाला अजून दहा दिवस होते. खालच्या गल्लीतली हुरमतबी अंथरुणाला खिळलेली होती, आज जाते की उद्या. माझ्या डोळ्यांसमोर माती आली, सुरकुत्यांत बसलेली. मी म्हटलं, ड्रम रिकामाच आहे, कालच ओतला. ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं आणि मग बोळाच्या तोंडातूनच वर खिडकीकडे, तिथं मिस्बा पुस्तक घेऊन बसलेली. "खरं काय गं?" मिस्बानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं मी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही, पण कुणी माझ्याकडे पाहून काय वाचावं हे माझ्या हातात नव्हतं. "हो ताई," ती म्हणाली, "मीच तर हात लावला ओतायला." ज्योत्स्नानं दारावर खडूनं तारीख टाकली आणि गेली. आम्ही दोघी खूप हसलो. मी तिला शेवया करून घातल्या. खोटं बोलायला शिकवल्याबद्दल शेवया, असं मीच म्हटलं, आणि तिनं वाटी चाटूनपुसून परत दिली. दहाव्या दिवशी नळ आला, तेव्हाही मी ड्रम न ओतता वरून नुसती भर घातली. ज्योत्स्ना आली त्यापासून बाराव्या दिवशी मिस्बाला ताप आला. हुरमतबी अजून जिवंत आहे, काल तिनं भाकर मागितली.

मच्छर कुठला होता हे कोण सांगणार. अकोल्याच्या डॉक्टरनंसुद्धा सांगितलं नाही. कॉलेजात चावला असेल, बसस्टँडवर चावला असेल, शेजारच्या पडक्या जागेतल्या टायरात झाला असेल. हे सगळं मी स्वतःला आठ दिवस सांगितलं, पपईच्या पाल्याचा रस काढताना सांगितलं, शहाळं फोडताना सांगितलं. आणि त्या आठ दिवसांत मी ड्रम ओतला नाही. हे मी कुणाला कसं समजावणार. ओतला असता तर पाणी नालीतून सगळ्यांच्या दारांपुढून गेलं असतं, आणि लोकांनी विचारलं असतं की साबेरा आज मय्यतीचं पाणी का सांडून राहिली. कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी तो पत्रा नीट सरळ केला, वर एक वीट ठेवली आणि मिस्बाच्या खिडकीला माझी जुनी साडी बांधून आले. शाहेदाला म्हटलं, ऊन येतं पोरीच्या डोळ्यावर. सहाव्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि तिला अकोल्याला हलवलं. सातव्या दिवशी शाहेदाच्या नवऱ्याचा अकोल्याहून फोन आला, नुसता रडत होता. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात एक विचार आला. तो विचार असा होता, की बरं झालं, ड्रम भरलेला आहे. मी तो विचार मुद्दाम केला नाही. तो आपोआप वर आला, श्वास घ्यायला. मी मशीनवर बसून होते, पाय पायट्यावर, आणि माझ्या पायांनी चाक फिरवलं, सुईखाली कापड नसताना.

आता तख्ता आला होता. शाहेदाच्या मागच्या अंगणात दोन चादरी बांधून आडोसा केला होता, गल्लीतल्या दोघी त्या धरून बाहेरच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या. मी चूल पेटवली. पातेल्यात ओतायच्या आधी पाणी गाळावं लागणार होतं, आणि गाळायला माझ्याकडे होतं ते अंगुरीबाईंनी एक कड वाकडी म्हणून परत केलेलं गाळणं, त्याच्या बदली दुसरं दिलं म्हणून अकरावं. घरातच होतं, खुंटीला. मी बोळात पाठमोरी बसून, तांब्यातांब्यानं, बादलीवर ते धरून पाणी ओतलं. कापडावर त्या राहिल्या. ओल्या कापडावर त्या नीट वळवळत नाहीत, नुसत्या आकसतात, सोडतात, आकसतात. अंगुरीबाई असत्या तर त्यांनी ते कापड उलटं करून पाण्यात धुतलं असतं, जीव परत पाण्यात सोडला असता. सगळं जिवंत पाण्यातून केलं, असं म्हणणाऱ्या बाईची सून मी. मी ते कापड पिळलं आणि चुलीत टाकलं. ओलं असल्यानं ते बराच वेळ जळेना, नुसतं धुरलं. डोळ्यांना पाणी आलं ते धुराचं. आत कुणीतरी म्हणालं की साबेराबाजी रडून राहिली, पोरीवर लई जीव होता तिचा. तेही खरंच होतं. एकाच वेळी किती गोष्टी खऱ्या असतात याचा मला त्या दिवशी कंटाळा आला.

घुसल देणारीचा एक नियम आहे. अंगावर जे दिसेल ते पोटात ठेवायचं. कुणाच्या पाठीवर वळ असतात, कुणाच्या पोटावर एखादी अशी खूण असते जी तिच्या नवऱ्यालाही माहीत नसते. धुवायचं, झाकायचं, बाहेर येऊन एवढंच म्हणायचं की चेहऱ्यावर फार नूर होता. जो दुसऱ्याचं झाकतो त्याचं अल्लाह झाकतो, असं खातूनबी सांगायची. तीस वर्षं मी इतकं झाकलंय की माझ्या पोटात एक अख्खा मोहल्ला नागडा उभा आहे. त्यामुळे असेल, मला वाटत होतं की हेही त्यातच जाईल, थोडं सरकून बसा म्हटलं की बसेल. मी मिस्बाच्या अंगावर चादर घातली आणि त्या चादरीखालूनच कपडे काढले. तिच्या हातांवर सुयांच्या जागी निळे-काळे डाग, पायांवर बारीक लाल ठिपके, मुंग्यांनी रांगोळी काढावी तसे. हाताला कापड गुंडाळून मी तिला स्वच्छ केलं. मग वजू, नमाजआधी करतात तसं हात-तोंड-पाय धुणं. ओल्या कापसानं ओठ पुसले, हिरड्या पुसल्या, कापूस लाल झाला तो मुठीत लपवला. शाहेदा डोक्याशी बसली होती, मिस्बाचं डोकं तिच्या तळहातांवर. आईनं यावं की नाही यावर सकाळी बायकांत बोलणं झालं होतं. ती कुणाचं न ऐकता येऊन बसली होती. रडत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती, अंगुरीबाई टाक्यांकडे बघतात तशी. मी केस धुतले. कुशीवर वळवून उजवी बाजू वर घेतली, पहिला तांब्या खांद्यापासून पायापर्यंत सोडला. पाणी कोमट होतं, बोरीच्या पाल्याचा वास, त्यात थोडा जळक्या कापडाचा. उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या हातात आलं, तेच, ती पाण्यात बुडवायची ते. त्याच्या नखाजवळ शाईचा डाग होता. तो निघेना. मी तो चोळत राहिले, आणि चोळता चोळता, चादरीपलीकडच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, बोलले.

"शाहेदा, ज्योत्स्नाले मी खोटं सांगतलं होतं. ड्रम भरेल होता. अळ्या होत्या त्याच्यात."

तिनं मान वर केली नाही. मिस्बाच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून लावलेला कापूस तिनं बोटानं नीट केला.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तिनंच सांगतलं, त्याच रोजी. हासून राह्यली होती. म्हने, अम्मी, आज मी खालाचं पाणी वाचवलं."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. इतके दिवस मी एकटीच ते घेऊन बसले नव्हते. तीही बसली होती, पोरीच्या उशाशी, आधी भिंतीच्या पलीकडे, खिडकीवर माझी साडी, मग अकोल्यात.

"मंग सकाळी पाण्याचं काहून इचारलं?"

"पाह्यलं," शाहेदा म्हणाली. "तुमी नाही म्हनता का ते पाह्यलं." मग कानातला कापूस पुन्हा दाबत, तशाच आवाजात, "हात नका थांबवू, बाजी. पाणी थंडं व्हून राह्यलं."

मी हात थांबवला नाही. दुसरा तांब्या, तिसरा. डावी बाजू वर घेतली, पुन्हा तीन. मग तिला टेकवून बसवलं, पोटावरून हात फिरवला, शेवटी कापराचं पाणी. शाईचा डाग तसाच गेला तिच्याबरोबर. केसांचे दोन भाग करून छातीवर घेतले, पाच कापडांत गुंडाळलं. बाहेर आले तेव्हा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, नियमाप्रमाणे. मी म्हटलं, चेहऱ्यावर फार नूर होता. शाहेदा माझ्या मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ओढणी डोक्यावर ओढून घेतली.

पुरुष जनाजा घेऊन गेले तसा मी ड्रम कलंडला. भर दुपारी, सगळ्यांच्या दारांपुढून ते पाणी नालीतून वाहत गेलं, आणि मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले, कुणीतरी विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही. जिच्यासाठी काढलं तिचं झालं, उरलेलं सांडलं, इतकंच त्यांना दिसलं. एकीनं तर त्या पाण्याला चप्पल लागू नये म्हणून दारातली चप्पल उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना आली, डोळे सुजलेले, हातात फॉर्म. तिला मी सगळं सांगितलं, मिस्बाचं सोडून, मिस्बाचं खोटं मी माझ्याकडे घेतलं. ज्योत्स्नानं फॉर्म काखेत धरला. मग तिनं आडव्या पडलेल्या ड्रमात बॅटरी मारली. "आज तं रिकामा हाय ना, मावशी," ती म्हणाली. "याच्यात आजचंच लिहा लागते." आणि तिनं अळ्यांच्या रकान्यात शून्य टाकलं. वर्तुळ जरा मोठं आलं, म्हणून पुन्हा गिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. त्याआधी मी झाकण शिवलं होतं, मशीनच्या फळीवरचा आकडा बघून, घेर ७२, कडेला इलॅस्टिक, टाका बारीक. आकडा मी पुसलेला नाही. ड्रम उभा केला, घासला, पाइप सोडला. रिकाम्या ड्रमात पाणी पडतं तेव्हा आधी ते फार मोठ्यानं बोलतं, मग वर येत येत त्याचा आवाज बारीक होत जातो. वर खिडकीवरची माझी साडी शाहेदानं काढून घडी करून माझ्या दारात ठेवली होती. ती खिडकीत होती, मिस्बाच्या जागेवर. पाणी काठाला आलं तशी तिनं विचारलं, "भरला?" मी म्हटलं, भरला. मी झाकण ओढलं, इलॅस्टिक काठाखाली बसवलं. "झाकला?" झाकला, मी म्हटलं.

तेव्हापासून दर दहाव्या-अकराव्या दिवशी ती हे दोनच प्रश्न विचारते. बाकी आमचं बोलणं पहिल्यासारखंच आहे, मीठ-मिरची, हुरमतबीची तब्येत, सोयाबीनचा भाव. मी दोन्ही वेळा खरं सांगते. ती ऐकून घेते, मग खिडकीतून हात खाली सोडते आणि झाकणाच्या कडेवरून बोट फिरवते, पूर्ण घेरभर, जिथवर पुरेल तिथवर. जिथं पुरत नाही तिथं ती थांबते, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत उरलेल्या कडेवरून बोट फिरवून दाखवते.